परक्या नगरीतील मनोरा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण अमेरिकेत असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता दोन महिने राहून आलो, ही वार्ता चिटणीसांच्या कानी गेली आणि त्यांनी आम्हांस प्रवासवर्णन करण्याची आज्ञा केली. परंतु विमानात काय खाल्ले आणि कोठे थंडी वाजली, हे सांगून आपला वेळ घेण्यात आम्हांस स्वारस्य नाही. पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिल्यामुळे आमची अशी समजूत झाली आहे की, दहा गोष्टी वरवर सांगण्यापेक्षा एकच गोष्ट नीट सांगावी. म्हणून आज आम्ही केवळ एका मनोऱ्याविषयी बोलणार आहोत. त्याला आणखीही एक कारण आहे. नगरपालिकेच्या उद्यानास आपल्या ज्ञातीच्या वतीने एखादी वास्तू अर्पण करावी, असा ठराव आज सायंकाळी सभेपुढे यावयाचा आहे. त्या ठरावावर मत देण्यापूर्वी ह्या मनोऱ्याची कथा आपण ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

आर्जेंटिना देशाची राजधानी ब्वेनोस आयरेस ही ला प्लाता नदीच्या काठी वसलेली आहे. नदी म्हणावयाची ती केवळ नावाने. तिचा पैलतीर दिसत नाही. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपल्याकडे दिवाळीची थंडी पडू लागते तेव्हा तेथे वसंत ऋतू असतो, आणि नोव्हेंबरात रस्तोरस्ती नीलमोहोर फुलून पायांखाली जांभळा सडा पडतो. हा देश पूर्वी स्पेनच्या सत्तेखाली होता. १८१० च्या मे महिन्याच्या २५ तारखेस ह्या नगरीतील लोकांनी स्पॅनिश व्हाइसरॉयला दूर सारून आपले मंडळ स्थापिले, आणि तो दिवस तेथे राष्ट्रीय उत्सवाचा मानला जातो. पुढे शंभर वर्षांत युरोपातून माणसांचे लोंढे आले. १९१४ च्या खानेसुमारीत राजधानीतील जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. इटालियन व स्पॅनिश सर्वांत अधिक. त्यांच्या मागोमाग फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश, सिरिया-लेबनानकडचे, पूर्व युरोपातील यहुदी, असा तो मेळा होता.

१९१० साली क्रांतीची शताब्दी आली. पोटासाठी आलेल्या ह्या निरनिराळ्या समाजांनी त्या वेळी असा विचार केला की, ज्या भूमीने आपणास आसरा दिला तिला काहीतरी अर्पण करावे. स्पॅनिशांनी संगमरवर व ब्राँझचे भव्य स्मारक देऊ केले. फ्रेंचांनी व जर्मनांनी आपापल्या शिल्पकारांकडून शिल्पे करवून घेतली. इटालियनांनी कोलंबसाचा पुतळा द्यावयाचे ठरविले. आणि ब्रिटिश रहिवाशांनी घड्याळाचा मनोरा. देणे नेहमी सोपे असते असे मात्र नाही. स्पॅनिशांच्या स्मारकाची ब्राँझ शिल्पे घेऊन येणारे जहाज १९१६ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाले, ती पुन्हा घडवावी लागली, आणि शताब्दीची ती भेट प्रत्यक्षात १९२७ साली अर्पण झाली. हाती घेतलेले काम त्या समाजाने सतरा वर्षे सोडले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मनोऱ्याकडे वळू. चिरंजीव आम्हांस रेतिरो नावाच्या रेल्वे स्थानकावर घेऊन गेले. स्थानक १९१५ सालचे, ब्रिटिश कंपनीने बांधलेले. त्याच्या लोखंडी छताखाली उभे राहिले असता आम्हांस आपल्या बोरीबंदरची आठवण झाली. स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच समोर हिरवळीचा प्रशस्त चौक, चौकात मोठमोठे वृक्ष, आणि मधोमध तो मनोरा. उंची सुमारे पंचाहत्तर मीटर, म्हणजे जवळजवळ अडीचशे फूट. विटांचे बांधकाम आणि त्यावर पांढऱ्या दगडाची कलाकुसर. दगड व विटा जहाजाने इंग्लंडातून आणविलेल्या. चारही बाजूंस घड्याळाच्या तबकड्या, प्रत्येकीचा व्यास चार मीटरांहून अधिक. आत पाच घंटा असून सर्वांत मोठी सुमारे सात टन वजनाची आहे. घंटांचा मेळ लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या धर्तीवर जुळविलेला आहे. ज्यांनी मुंबईत शिक्षण घेताना राजाबाई टॉवरखालून येरझारा घातल्या आहेत, त्यांस ते रूप पाहताच ओळखीचे वाटेल. माथ्यावर वारा दाखविणारे शिडाचे जहाज आहे. भिंतीवर स्कॉटलंडचे काटेफूल, इंग्लंडचा गुलाब, आयर्लंडचे त्रिदल आणि वेल्सचा व्याल कोरलेला आहे.

सौभाग्यवतींनी वर मान करून पाहिले आणि विचारले, "इतके देखणे देऊळ बांधले, पण आत देव कोणता?" आम्ही म्हणालो, "आत काळ आहे." त्यावर त्यांचे उत्तर असे की, "मग बरे; तो सर्वांचाच असतो." पुढे आम्ही जे विस्ताराने सांगणार आहोत त्याचे सार त्यांच्या ह्या एका वाक्यात आले आहे.

दारावरील लेख आम्ही चिरंजीवांकडून वाचवून घेतला. तेथील थोर जनतेस ब्रिटिश रहिवाशांचे अभिवादन, आणि १८१० ते १९१० ही शतकाची वर्षे, इतकाच त्याचा आशय. एक गोष्ट मात्र विशेष. अभिवादनाची शब्दयोजना त्या देशाच्या राष्ट्रगीतातून घेतलेली आहे, आणि भाषा स्पॅनिश आहे. पाहुण्याने यजमानास वंदन केले ते आपल्या भाषेत नव्हे, यजमानाच्या भाषेत. त्या लेखात कोणा श्रीमंताचे नाव नाही, कोणत्या कंपनीचे नाही.

ह्या मनोऱ्याची पायाभरणी १९१० च्या नोव्हेंबरात झाली. परंतु जागेवर गॅसचा कारखाना होता. तो हलेपर्यंत १९१२ साल उजाडले. काम सुरू होते न होते तोच युरोपात पहिले महायुद्ध पेटले. इंग्लंडातून माल आणणे व माणसे आणणे दोन्ही कठीण झाले. तथापि काम थांबले नाही. वास्तुशिल्पी होते अँब्रोज पॉइंटर. अखेर १९१६ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस राष्ट्राध्यक्ष व्हिक्तोरिनो दे ला प्लासा यांच्या उपस्थितीत मनोऱ्याचे उद्घाटन झाले. त्या समारंभास ब्रिटिश वकील म्हणून जे गृहस्थ हजर होते त्यांचे आडनावच 'टॉवर' होते! विधात्यालाही कधीकधी श्लेष करण्याची लहर येते.

बंधुभगिनींनो, आता कथेतील गंभीर भाग येतो. ब्रिटिशांचा आणि ह्या नगरीचा संबंध केवळ स्नेहाचा नव्हता. १८०६ साली ब्रिटिश फौजेने ही नगरी जिंकून घेतली होती, आणि दीड-दोन महिन्यांत नागरिकांनी तिला हुसकावून लावले. १८०७ साली ती पुन्हा चालून आली आणि पुन्हा पराभूत झाली. 'पुनर्विजय' आणि 'संरक्षण' अशा अर्थांची त्या काळची नावे तेथील दोन रस्त्यांना आजही आहेत. पुढे १८३३ साली ब्रिटनने दक्षिण समुद्रातील काही बेटे ताब्यात घेतली. त्यांना इंग्रज फॉकलंड म्हणतात, आर्जेंटिनाचे लोक माल्विनास म्हणतात; आणि ती आपली आहेत, हा त्यांचा दावा तेव्हापासून कायम आहे. शिवाय देशातील बहुतेक मोठे लोहमार्ग ब्रिटिश भांडवलाचे होते. स्कालाब्रिनी ओर्तिस ह्या लेखकाने १९४० साली त्या लोहमार्गांचा इतिहास लिहून, परकी भांडवलाने देशाला कसे जखडून टाकले, ह्याची मांडणी केली. १९४८ साली ते लोहमार्ग सरकारने आपल्या ताब्यात घेतले. म्हणजे, रेल्वेच्या नफ्यातून किती नेले आणि मनोऱ्याच्या रूपाने किती दिले, असा प्रश्न तेथील विचारवंतांनी विचारला तर तो अन्याय्य म्हणता येणार नाही. देणगी देणाऱ्याने हिशेबाची दुसरी बाजूही ऐकून घेण्याची तयारी ठेवावी लागते.

१९८२ साली तर प्रत्यक्ष युद्ध झाले. एप्रिलच्या २ तारखेस आर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने त्या बेटांवर सैन्य उतरविले. ब्रिटनने आरमार पाठविले. जूनच्या १४ तारखेस बेटांवरील आर्जेंटिनाचे सैन्य शरण गेले. आर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मरण पावले. आर्जेंटिनाच्या मृतांत विशीही न ओलांडलेली पुष्कळ मुले होती, सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलाविलेली. ज्या नगरीत घरोघर शोक चालला आहे, त्या नगरीच्या मध्यभागी शत्रुराष्ट्राच्या रहिवाशांनी दिलेला, शत्रुराष्ट्राची चिन्हे अंगावर मिरविणारा मनोरा उभा आहे! अशा वेळी काय व्हावे, ह्याची कल्पना आपण करू शकता.

झाले ते असे. त्या चौकास पूर्वी ब्रिटनचे नाव होते, ते काढून आर्जेंटिनाच्या हवाई दलाचे दिले. मनोऱ्यास सर्वजण 'इंग्रजांचा मनोरा' म्हणत. त्याचे अधिकृत नाव बदलून 'स्मारक मनोरा' असे केले. चौकात जॉर्ज कॅनिंग ह्या ब्रिटिश मुत्सद्द्याचा पुतळा होता. आर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यास ब्रिटनची मान्यता मिळवून देणारा हा मनुष्य. तथापि १९८४ साली जमावाने तो पुतळा पाडून नदीत लोटला. पुढे तो बाहेर काढून दुसऱ्या उद्यानात बसविण्यात आला. मनोरा मात्र होता तेथेच राहिला. १९९० साली त्याच्या समोरच, सान मार्तिन चौकाच्या उतारावर, युद्धातील मृतांचे स्मारक उभारले गेले. काळ्या दगडावर ६४९ नावे कोरलेली आहेत आणि तेथे ज्योत तेवत असते. आम्ही तेथे पादत्राणे काढून काही वेळ उभे राहिलो. रस्त्याच्या अलीकडे मृतांची नावे आणि पलीकडे इंग्रजांचे घड्याळ, दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात दिसतात.

मनोरा का वाचला? कोणी म्हणेल, अडीचशे फुटांची वास्तू पाडणे पुतळा पाडण्याइतके सोपे नाही. ते खरेच आहे. परंतु आमच्या अल्पमतीस त्याहून वेगळे कारण दिसते. पुतळा हा देणाऱ्याच्या थोर पुरुषाचा होता. घड्याळ हे घेणाऱ्याच्या उपयोगाचे होते. स्थानकातून रोज बाहेर पडणारा कारकून, फेरीवाला आणि विद्यार्थी मान वर करून त्या तबकडीकडे पाहत आले. ती तबकडी पाहताना ती कोणी दिली हे त्यांना आठवावे लागले नाही. ज्या वस्तूचा लोक रोज उपयोग करतात ती हळूहळू लोकांचीच होते. गंमत अशी की, अधिकृत नाव बदलून चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी वृद्ध माणसे अजून 'इंग्रजांचा मनोरा' असेच म्हणतात. नाव धरून ठेवण्यासाठी कोणी प्रयत्न केला नाही, म्हणूनच कदाचित ते राहिले.

इटालियनांनी दिलेल्या कोलंबसाची गोष्ट ह्याच्याशी ताडून पाहावी. तो संगमरवरी पुतळा १९२१ पासून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीमागे उभा होता. मूळ रहिवाशांच्या दृष्टीने कोलंबस हा संकटाचा दूत, असा विचार पुढे बळावला. १९१० साली तो फारसा कोणाच्या मनात नव्हता. २०१३ साली पुतळा उतरविला गेला, त्यावर मोठा वाद झाला, आणि २०१७ साली नदीकाठी दुसऱ्या जागी तो उभा राहिला. इटालियन समाज तेथे संख्येने फार मोठा, तरीही आपला पुरुष मूळ जागी ठेवणे त्याला साधले नाही. ज्या थोर पुरुषाविषयी आज सर्वांचे एकमत आहे त्याच्याविषयी शंभर वर्षांनी ते असेलच, हे कोणी सांगावे?

आणखी दोन देणग्यांचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. त्या कोणत्याही समितीने ठराव करून दिल्या नाहीत. १८८२ साली अलेक्झांडर वॉटसन हटन नावाचा एक स्कॉटिश शिक्षक त्या नगरीत आला. त्याने १८८४ साली शाळा काढली, मुलांना फुटबॉल शिकविला, आणि १८९३ साली सामन्यांची संघटना उभी केली. आज त्या देशाचा प्राण फुटबॉलमध्ये आहे; १९७८, १९८६ आणि २०२२ साली त्यांनी जगज्जेतेपद मिळविले, आणि १९८६ च्या स्पर्धेत तर इंग्लंडलाच धूळ चारली! एका शाळामास्तराची ही देणगी आता परकी आहे असे तेथील पोरही म्हणणार नाही. दुसरी देणगी १८७६ साली सुरू झालेल्या 'ब्वेनोस आयरेस हेरल्ड' ह्या इंग्रजी वृत्तपत्राची. १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत माणसे रात्रीतून नाहीशी होऊ लागली, तेव्हा बहुतेक पत्रे मूग गिळून बसली असता ह्या छोट्या पत्राने त्या माणसांची नावे छापली. त्याचे संपादक रॉबर्ट कॉक्स यांना धमक्यांमुळे १९७९ साली देश सोडावा लागला. ते पत्र २०१७ साली बंद पडले, परंतु ज्या मातांनी आपली मुले गमावली त्यांना त्याचा विसर पडला नाही. यजमानाच्या संकटात त्याच्या बाजूने उभे राहणे, हीच पाहुण्याची सर्वांत मोठी भेट होय.

आपल्या मराठी माणसांसही हा धडा अगदीच नवा नाही. तंजावरास गेलेल्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले. परंतु सरफोजी राजांनी पदरमोड करून वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही तेथे आहे. तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा सर्व भाषांचे अभ्यासक त्याचा लाभ घेतात, आणि तमिळ माणसास तो आपलाच वाटतो. राज्य गेले, पोथ्या राहिल्या. कारण पोथ्या सर्वांच्या होत्या.

आता आपल्या ठरावाकडे येतो. आपले पणजोबा कोकणातून घाट चढून ह्या गावी आले, तेव्हा आपणही येथे परकेच होतो. गावाने आपणास विहिरीवर पाणी भरू दिले, पेठेत दुकाने थाटू दिली, शाळेत आपली मुले घेतली. त्या ऋणातून उतराई होण्याची इच्छा आपल्या मंडळास झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. ठरावाच्या मसुद्यात उद्यानास प्रवेशद्वाराची कमान बांधावी, तीवर ज्ञातीचे नाव मोठ्या अक्षरांत कोरावे आणि शेजारी आपल्या आद्य संस्थापकांचा अर्धपुतळा बसवावा, असे सुचविले आहे. सुचविणारे आमचे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तरीही आम्ही नम्रपणे वेगळे मत मांडतो.

आमचे म्हणणे असे की, कमानीऐवजी सावलीची पाणपोई बांधावी आणि तिच्याभोवती वृद्धांना टेकण्यास बाके असावीत. उद्यानात दुपारी येणारे बहुतेक लोक बाजारहाटासाठी खेड्यांतून आलेले असतात. त्यांना कमानीचा काही उपयोग नाही, पाण्याचा आहे. दुसरे, जितका निधी बांधकामास तितकीच काळजी पुढील देखभालीची घ्यावी. कोरडी पाणपोई ही देणाऱ्याची शोभा नव्हे. तिसरे, वास्तू नगरपालिकेच्या स्वाधीन करताना ती संपूर्णपणे करावी. तिचे नाव काय ठेवावे, ती पुढे हलवावी की वाढवावी, ह्याविषयी आपण कोणतीही अट घालू नये. आणि चौथे, लेख कोरावयाचा तर तो लहान असावा: ह्या गावाच्या नागरिकांस येथील रहिवाशांकडून, आणि खाली वर्ष. ज्ञातीचे नाव त्यात नसले तरी चालेल.

ह्या चौथ्या सूचनेवर कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्हांस ठाऊक आहे. "नावच नाही, तर वर्गणी कशाला?" असे एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस कालच विचारले. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी पेन्शनीतून शंभर-शंभर रुपये बाजूला काढून दिले, त्यांना आपल्या समाजाचे नाव दगडावर पाहावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु विचार करा. ज्ञातीचे नाव कोरलेल्या पाणपोईवर पाणी पिताना इतर ज्ञातींच्या माणसास पहिली आठवण कशाची होईल? तहान भागल्याची, की हे पाणी दुसऱ्यांचे असल्याची? पाण्यावर ज्ञातीचे नाव लिहिण्याचा आपल्या देशाचा इतिहास काही भूषणावह नाही. महाडचे चवदार तळे सर्वांचे आहे, हे ठरविण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या महाराष्ट्रात एखाद्या ज्ञातीने पाणपोई बांधावी आणि तीवर आपले नाव घालू नये, ह्यात त्या ज्ञातीचा कमीपणा नाही, मोठेपणाच आहे.

आपली मुले आज टोरंटोस आहेत, मेलबर्नला आहेत, आमचे चिरंजीव ब्वेनोस आयरेसला आहेत. उद्या तेही तेथील एखाद्या उद्यानास काहीतरी देऊ इच्छितील. त्यांना आपण येथे काय शिकविणार? दगडावर नाव कोरण्यास, की घेणाऱ्याच्या हाती वस्तू सोपवून निश्चिंत होण्यास? आपली मते काहीही असोत, सायंकाळच्या सभेत ती मोकळेपणाने मांडावीत. ठराव ज्या रूपात मंजूर होईल त्या रूपात आम्ही तो मानू आणि आमची वर्गणी देऊ. मात्र मत देण्यापूर्वी एवढे मनाशी विचारावे की, आपली आणि ह्या गावाची कधी काळी काही कारणाने तेढ आली, तर त्या दिवशीही गावकऱ्यांना जी वास्तू आपली वाटेल, अशी वास्तू आपण देत आहोत काय?